पायाचा बायोडेटा

माझ्या उजव्या पायाची फाईल माझ्या स्वतःच्या फाईलपेक्षा जाड आहे. माझ्या फाईलमध्ये बी.कॉम.ची गुणपत्रिका, मराठी-इंग्रजी टायपिंगची दोन सर्टिफिकेटं आणि टॅलीचा एक कोर्स, एवढाच ऐवज. पायाकडे मात्र सिव्हिल हॉस्पिटलचं जुनं प्रमाणपत्र आहे, ते जुनं झालं म्हणून घेतलेलं नवं आहे, नवं हाताने लिहिलेलं होतं म्हणून काढलेलं ऑनलाइन आहे, शिवाय युडीआयडी हे दिव्यांगांचं कार्ड, एसटीच्या पाऊण सवलतीचं कार्ड, एक्स-रे, कॅलिपर घालून काढलेला फोटो आणि कॅलिपर उतरवून काढलेला फोटो. एकही परीक्षा न देता एवढी कागदपत्रं कमावणारा आमच्या घराण्यातला तो पहिलाच. नोकरीसाठी कुठेही गेलो की आधी त्याची फाईल मागतात. माझी बऱ्याचदा मागतच नाहीत. त्याला कुठे नोकरी लागली असती तर मी डबा घेऊन त्याच्यामागून जायलाही तयार होतो. पण ऐन वेळी तो पाय आखडता घेतो.

दीड वर्षाचा असताना मला पोलिओ झाला. देशातल्या शेवटच्या पोलिओ रुग्णाची तारीख १३ जानेवारी २०११ आहे, आणि मार्च २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशियाच्या सगळ्या प्रदेशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. पोलिओ नसल्याचं प्रमाणपत्र एवढ्या मोठ्या प्रदेशाला एकदा मिळालं आणि पुरलं. असल्याचं प्रमाणपत्र मला मात्र पुन्हा पुन्हा काढावं लागतं. मधल्या काळात पाय बरा झाला असेल तर? सरकारला आशा सोडवत नाही.

आमच्या वेळी दहावीचा निकाल लागला की पेढे वाटायचे आणि लगेच एम्प्लॉयमेंटमध्ये नाव नोंदवायचं, असा रिवाज होता. त्या कार्यालयाचं सरकारी नाव तेव्हा सेवायोजन कार्यालय होतं. आता ते जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालं आहे. नाव इतकं लांबलंय की पाटी बसवायलाच दोन माणसं लागली असतील, म्हणजे तेवढा रोजगार झालाच.

या कार्यालयांचा जन्म १९४५चा. दुसरं महायुद्ध संपत आलं, फौजेतून मोकळ्या झालेल्या जवानांना कामाला लावायचं होतं, म्हणून ती निघाली. १९४८मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. पुढे १९५९मध्ये कायदा झाला की सरकारी कार्यालयांनी आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपल्याकडच्या रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवल्याच पाहिजेत. हा कायदा १ मे १९६० रोजी लागू झाला, म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि तो एकाच दिवसाचे. त्यात एक गंमत होती. जागा कळवणं सक्तीचं, पण या कार्यालयाने पाठवलेल्या माणसालाच घेणं सक्तीचं नव्हतं. पत्रिका पाठवायची, पंगतीला बसवायचं की नाही ते यजमानाच्या मर्जीवर.

नोंदणी झाली की एक कार्ड मिळायचं आणि त्याचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागायचं. ते चुकलं की ज्येष्ठता जायची. बेकारीत ज्येष्ठता असते हे मला तिथे कळलं. रांगेत माझ्यापुढे उभे असलेले एक गृहस्थ आपल्या कार्डाकडे असं काही बघत होते की मला वाटलं, हे आता बेकारीतून निवृत्त होणार आणि यांना नारळ आणि शाल मिळणार. मला वेगळ्या रजिस्टरात घेतलं. नावापुढे 'ओएच' लिहिलं, म्हणजे ऑर्थो. कारकून आपुलकीने म्हणाला, "तुमच्यात काही निघालं की कळवू." तुमच्यात म्हणजे पायवाल्यांत. हातवाल्यांचं आणि आमचं जमतं की नाही, कुणास ठाऊक.

बऱ्याच वर्षांनी निघालं. पोस्टमनने लिफाफा आणून दिला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. उघडून बघितलं तर वनरक्षकाच्या भरतीचा कॉल. त्यात उमेदवाराला ठरलेल्या वेळात बरेच किलोमीटर चालून दाखवावं लागतं. मी कार्यालयात जाऊन कारकुनाला पत्र दाखवलं. त्याने ते वाचलं, माझ्या कॅलिपरकडे पाहिलं, पुन्हा पत्र वाचलं आणि म्हणाला, "जाऊन या. गैरहजर राहिलात तर नाव कमी होतं."

आता टक्क्यांकडे येतो. आमचं सगळं आयुष्य ४० टक्क्यांच्या रेषेवर उभं आहे (आणि उभं राहणं हाच आमचा वांधा). दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ म्हणतो की अपंगत्व किमान ४० टक्के असेल तरच नोकरीत आरक्षण. युडीआयडी कार्डावरही त्याप्रमाणे रंगीत पट्टा येतो. ४०च्या खाली पांढरा, ४० ते ८०च्या दरम्यान पिवळा, ८०च्या पुढे निळा. आमच्यात एकोणचाळीस टक्केवाल्याइतका दुर्दैवी माणूस दुसरा नाही. त्याला सोयरीक जमवताना लंगडा म्हणतात आणि भरतीच्या वेळी धडधाकट.

हे टक्के मोजायची रीतही स्वतंत्र आहे. समजा, एखाद्याचा पाय ६० टक्के आणि हात ३० टक्के गेला आहे. तुम्ही म्हणाल, बेरीज ९०. नाही. मोठा आकडा ९०मधून वजा करायचा, उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९०ने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. उत्तर येतं ७०. हात बिचारा तीस टक्के गेलेला असतो, पायाशेजारी बसला की त्याला दहाच मिळतात. सूत्राला शास्त्रीय आधार आहे हे मला मान्य आहे. पण ज्याचा तो हात आहे त्याला खिडकीच्या जाळीतून हे गणित समजावणाऱ्या कारकुनाची मला दया येते.

वैद्यकीय मंडळासमोर जाण्याच्या आदल्या दिवशी मामा मुद्दाम आमच्याकडे मुक्कामाला आला. तो झेडपीतून निवृत्त, त्यामुळे त्याला सरकार कुठून कसा विचार करतं ते माहीत. अंगणात मला चालायला लावून तो कट्ट्यावर बसला.

"असा चालशील तर पंचवीसच्या वर देत नाहीत," तो म्हणाला. "जरा तोल जाऊ दे."

"मामा, मी असाच चालतो."

"असाच चालतोस ते घरी. उद्या सरकारी काम आहे."

मी तोल जाऊ दिला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मामा म्हणाला, "हां, हे जमलं."

सिव्हिलच्या डॉक्टरांनी मात्र माझ्या अभिनयाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेप काढली, दोन्ही पायांची लांबी मोजली, घेर मोजला, स्नायूंची ताकद बघितली, "दाबा, उचला, सोडा" असं म्हणत एका फॉर्मवर आकडे टाकत गेले आणि मला ४८ टक्के दिले. पुढे युडीआयडी कार्ड आलं तेव्हा पिवळा पट्टा. मामाला निळ्याची आशा होती.

महिन्याभराने एका कार्यालयाची मुलाखत आली, आणि मामा पुन्हा मुक्कामाला. पुन्हा अंगण, पुन्हा कट्टा.

"असा चालशील तर उभं नाही करत कुणी दारात. जरा ताठ. पाय ओढू नको."

"अरे, पण गेल्या महिन्यात तूच..."

"ते प्रमाणपत्रासाठी. हे नोकरीसाठी. दोन्ही खाती वेगळी आहेत."

तेव्हापासून माझ्याकडे दोन चाली आहेत, सिव्हिलची आणि मुलाखतीची. बाजारात भाजी आणायला जाताना कुठली वापरावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यातच मध्यंतरी बोगस अपंगत्व प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली, फेरतपासण्या निघाल्या आणि लोकांची नजर बदलली. जरा भरभर रस्ता ओलांडला की पानटपरीवरून आवाज येतो, "काय राव, टक्के ओरिजिनल आहेत ना?"

ती मुलाखत कनिष्ठ लिपिकाची होती. तेव्हा लिपिकालाही मुलाखत असे. मी रात्रभर टिपणी कशी लिहावी, आवक-जावक, कार्यविवरण नोंदवही असं सगळं घोकून गेलो होतो. समोर तिघं साहेब. मधल्या साहेबांनी पहिला प्रश्न टाकला.

"येता कसे?"

"बसने."

"चढता कसे?"

"पायरीवरून, सर."

"गर्दी असते हो."

मी मान डोलावली. गर्दी असते, यात दुमत नव्हतं.

डावीकडचे साहेब पुढे झुकले. "जन्मापासून का?"

"दीड वर्षाचा असताना. पोलिओ."

"आईने डोस दिला नव्हता?"

मुलाखत माझी आणि चौकशी आईची. ती बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. तिला आत बोलावलं असतं तर तिने डोसापासून आमच्या गावातल्या आरोग्य केंद्राच्या बंद दारापर्यंत सगळं सांगितलं असतं आणि कदाचित तिलाच नेमणूक मिळाली असती. उजवीकडच्या साहेबांनी तेवढ्यात प्रेमाने विचारलं, "लग्न?" मी नाही म्हणालो. "होईल, होईल," ते म्हणाले. मुलाखत संपली. कनिष्ठ लिपिकाला काय काम असतं, याचा उल्लेख त्या खोलीत शेवटपर्यंत झाला नाही. मला वाटतं, तो विषय त्यांनाही नकोसा असावा.

निकाल कळला तो असा, की त्या जागेसाठी योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही. १९९५च्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची गणना होती आणि ३ टक्के आरक्षण. २०१६च्या कायद्यात प्रकार झाले एकवीस आणि आरक्षण ४ टक्के. माणसं तिप्पट प्रकारची आली आणि टक्का वाढला एक. तरीही योग्य उमेदवार उपलब्ध होत नाही! मग ती जागा पुढच्या वर्षी ओढतात. तेव्हाही कुणी मिळालं नाही तर ती अपंगत्वाच्या दुसऱ्या प्रकाराला देता येते. दिवाणी दाव्यासारखा पिढ्यान्पिढ्या चालणारा हा जो साठा, त्याला अनुशेष म्हणतात. पेपरात 'दिव्यांगांचा अनुशेष' असा मथळा आला की आमच्या आईला वाटतं, आपल्याला सरकारकडून काहीतरी येणं आहे. तसं ते आहेच.

कोणती पदं आम्हाला झेपतील, याचीही यादी आहे. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२१ला काढलेल्या यादीत साडेतीन हजारांवर पदं आहेत, आणि प्रत्येक पदापुढे त्याला शरीराच्या कोणत्या हालचाली लागतात ते संक्षेपात दिलेलं असतं. एस म्हणजे बसणं. डब्ल्यू म्हणजे चालणं. बीएन म्हणजे वाकणं. एसटी म्हणजे उभं राहणं, आणि हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. केसी म्हणजे गुडघे टेकणं आणि ओणवं होणं. हे कुठल्या पदांना लागतं ते यादीत बघता येईल, पण माझा अंदाज आहे की त्याची खरी गरज बढतीच्या वेळी पडत असावी. माणसांचेही संक्षेप आहेत. ओए म्हणजे एक हात, बीएल म्हणजे दोन्ही पाय, ओएएल म्हणजे एक हात आणि एक पाय. मी ओएल. यादी करणाऱ्यांनी कष्ट घेतलेत यात शंका नाही, आणि तिच्यामुळे आमच्यातल्या कित्येकांना नोकऱ्या लागल्या आहेत. पण चुकून 'विचार करणं' यासाठी एखादं अक्षर आहे का, ते मी शोधलं. वाचणं-लिहिणं आहे, बोलणं-ऐकणं आहे. विचाराचं मला काही सापडलं नाही.

नोकरी नाही तर धंदा करा, असंही सांगतात. मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अपंगांचे धंदे ठरलेले असतात: मेणबत्त्या, खडू, अगरबत्त्या, फाईली. अंध असेल तर वेताच्या खुर्च्या विणणं. घरोघर इन्व्हर्टर आले, शाळांत पांढरे फळे आले, पण मेणबत्ती आणि खडूचं प्रशिक्षण चालूच आहे. मी टॅलीचं नाव काढलं तर मार्गदर्शक म्हणाले, "ते बघू हो, पण हाताला काहीतरी कला हवी." हात माझे दोन्ही शाबूत आहेत, त्यांनी कधी कलेची तक्रार केलेली नाही.

त्याआधी एसटीडी बूथचा जमाना होता. अपंगांना बूथ देताना प्राधान्य असे, आणि तालुक्याच्या ठिकाणी पिवळ्या पाटीखाली काचेच्या खोक्यात आमच्यापैकी कुणीतरी बसलेला दिसायचा. वाईट काम नव्हतं. बसून करायचं, रोख पैसे, आणि गावातली लफडी सगळ्यांत आधी आपल्याला कळणार. मामाने माझाही अर्ज केला. मंजुरीला वेळ लागला. अखेर ज्या साहेबांनी मला बोलावून मंजुरीचं पत्र हातात दिलं, त्यांच्या खिशात त्याच वेळी मोबाईल वाजला.

मग रोजगार मेळावे सुरू झाले. आमच्या जिल्ह्याचा दिव्यांग रोजगार मेळावा एका सभागृहात होता आणि सभागृहाला रॅम्पही होता. नियम सांगतो की एक इंच चढायचं असेल तर रॅम्प एक फूट लांब हवा. तो रॅम्प बांधणाऱ्याने इंच आणि फूट यांची अदलाबदल केली असावी. वर जाताना दोघांनी ढकलायचं आणि खाली येताना देवाचं नाव घ्यायचं. पण त्या दिवशी कुणालाच त्रास झाला नाही, कारण रॅम्पवर पाहुण्यांच्या मोटारसायकली लावल्या होत्या. व्हीलचेअरवाल्यांना कार्यकर्त्यांनी उचलून नेलं. उचलताना फोटो काढले.

आत कंपन्यांचे स्टॉल होते. जागा होत्या डिलिव्हरी बॉयच्या, फिल्ड सेल्सच्या (स्वतःची दुचाकी आवश्यक) आणि सेक्युरिटी गार्डच्या. सेक्युरिटीच्या स्टॉलवरचा मुलगा चांगला होता. त्याने विचारलं, "काका, बारा तास उभं राहाल का?" मी म्हटलं, "बारा तास उभं केलंस तर तुझे सगळे गार्ड वर्षभरात ४०च्या वर जातील." तो हसला आणि त्याने माझा बायोडेटा ठेवून घेतला. समारोपाला मान्यवरांच्या हस्ते तीनचाकी सायकलींचं वाटप झालं. माझं नाव पुकारलं. मी सांगत होतो की मला सायकल नको, मी चालतो. पण यादी छापून झाली होती. अखेर नोकरी मागायला चालत गेलेला मी, तीनचाकी ढकलत घरी आलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: 'लाभार्थी आनंदात'. ती सायकल आता मामा वापरतो. त्याचे गुडघे गेलेत, पण त्याच्याकडे टक्के नाहीत.

माझं हे सगळं सौम्य आहे, हे माझ्या मित्राकडे बघितलं की कळतं. तो पूर्ण अंध, इतिहासात एम.ए. मोबाईल त्याला वाचून दाखवतो, आणि तो इतक्या वेगाने ऐकतो की शेजारच्याला वाटावं, फोनमध्ये भांडण चाललंय. त्याने एका पोर्टलवर नोकरीसाठी नोंदणी करायला घेतली. अपंगत्वाचा प्रकार विचारला, त्याने 'पूर्ण अंध' निवडलं. पुढच्या पानावर सूचना होती: खालील चित्रातली अक्षरं ओळखा. आपण माणूस आहोत, यंत्र नाही, हे त्यावरून सिद्ध व्हायचं होतं. मित्र म्हणाला, "त्यांना वाटलं असेल, पान उघडेपर्यंत बरा झाला असेल. त्यांचं नेट तेवढं स्लो आहे."

ही थट्टा नाही. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या लोकांना ऑनलाइन केवायसी करताना 'डोळ्यांची उघडझाप करा' अशी सूचना येत होती. ती केल्याशिवाय समोरचा माणूस जिवंत आहे यावर यंत्राचा विश्वास बसेना. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२५मध्ये न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच्या आदल्या महिन्यात न्यायालयाने असंही ठरवलं की केवळ दिसत नाही म्हणून कुणाला न्यायाधीशाच्या नोकरीपासून दूर ठेवता येणार नाही. मित्राला मी ही बातमी वाचून दाखवली. त्याला आठवलं की ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीची बातमी होती, आणि त्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही. "बघ," तो म्हणाला, "इतकी वर्षं तिच्या डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा आम्ही बाहेर. तिला दिसायला लागलं आणि आम्हाला आत घेतलं."

परीक्षेला त्याला लेखनिक लागतो. २०१८च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणात त्याच्याहून खालच्या पायरीवरचा लागायचा. कारण उघड आहे, लेखनिकानेच पेपर सोडवू नये. म्हणून मित्र शेजारची बारावीतली मुलगी घेऊन जायचा. ती हुशार आहे, हीच अडचण. बँकेच्या परीक्षेत त्याने सांगितलं, "क." ती हळूच म्हणाली, "काका, ब वाटतंय." त्याने दटावून क लिहायला लावलं, कारण नियम तो नियम. बाहेर आल्यावर तिने रिक्षात बसेपर्यंत तोंड फुगवलं होतं. उत्तरतालिका आली. ब होतं.

खाजगी क्षेत्राला अलीकडे आमची आठवण झाली आहे. कायद्याच्या कलम ३५प्रमाणे खाजगी कंपनीत किमान ५ टक्के माणसं आमच्यातली असावीत म्हणून सरकारने सवलती द्याव्यात, असं आहे. त्या सवलतींचा परिणाम की काय, मला एका कंपनीतून बाईंचा फोन आला.

"सर, आमच्याकडे डायव्हर्सिटी ड्राइव्ह सुरू आहे. आपली कॅटेगरी?"

"ओएल."

"म्हणजे?"

"एक पाय."

"ओके. आणि बाकी सगळं नॉर्मल ना?"

"बाकी बी.कॉम. आहे."

"नाही, म्हणजे व्हीलचेअर वगैरे?"

"नाही."

"जिना?"

"हळूहळू चढतो."

"वॉशरूम आपलं साधंच चालेल ना?"

चालेल म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर मला नोकरी लागल्यासारखंच वाटलं. त्यांना अपंग माणूस हवा होता, बांधकाम नको होतं. यात चेष्टेचा भाग सोडला तर एक सरळ हिशोब आहे. एक पाय थोडा कमी असलेल्या माणसासाठी काहीच बदलावं लागत नाही आणि वार्षिक अहवालात त्याचा फोटो मात्र पूर्ण येतो. माझा अंध मित्र आणि आमच्या ओळखीतली व्हीलचेअर वापरणारी एक सीए झालेली मुलगी, दोघांना याच बाईंनी "प्रोफाईल ठेवून घेतो" असं सांगितलं. मला मुलाखतीला बोलावलं. पगार विचारला तर म्हणाल्या की आधी सहा महिने इंटर्नशिप, प्रमाणपत्र मिळेल. माझ्याकडे एका पायाची इतकी प्रमाणपत्रं आहेत, त्यात आणखी एकाची भर मला नको होती.

शेवटी काम मिळालं ते मार्केट यार्डात. खत-बियाण्यांच्या एका होलसेल दुकानात हिशोबाला माणूस हवा होता. दुकानाचा ओटा उंच. मी खाली उभा राहून पायरी शोधत होतो. कायद्याचं कलम २० सरकारी आस्थापनांना सांगतं की कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्या. शेठ खाजगी, त्यामुळे त्याने कलमाची वाट न बघता पोऱ्याला हाक मारली, "ए, ते युरियाचं पोतं टाक इथं आडवं." मी पोत्यावर पाय देऊन वर गेलो.

"टॅली येतं का?"

"येतं."

"खरेदी जीएसटीच्या टू-बीशी जुळवता येते? माझा सीए दर महिन्याला बोंबलतो."

"येते. फरक असला तर पार्टीवार काढून देतो."

एवढं बोलून मी सवयीने पायाची फाईल काढली आणि म्हणालो, "शेठ, एक सांगायचं राहिलं. अठ्ठेचाळीस टक्के आहेत."

शेठने तोंड वाकडं केलं. "अठ्ठेचाळीस? फारच कमी पडले की. बारावीला किती होते?"

"बारावीचे नाही. पायाचे."

तो गल्ल्यावरून ओणवा झाला (केसी), त्याने पहिल्यांदाच माझ्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "एंट्री पायाने करतोस काय?"

मी फाईल पिशवीत टाकली. मग पगाराचं बोलणं झालं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी म्हटलं, "कमी नाही का वाटत?"

"सगळ्यांना तेवढाच देतो. विचार पाहिजे तर त्या पोरांना."

मी विचारलं. खरं होतं.